बारवेतली वाम

आमच्या सासूबाई भागम्मा कुणाला भीत नसत. देवालाही नाही, इष्टलिंग गळ्यातच होतं, तक्रार असली तर तिथल्या तिथं मिटायची. पण झरीच्या आमच्या शेतातल्या बारवेपाशी गेल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. त्या दगडी पायऱ्यांच्या विहिरीत एक वाम होती, मनगटाएवढी जाड आणि सापासारखी लांब. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ती होती म्हणे. ती आहे तोवर बारवेचं पाणी आटत नाही, अशी घरात सगळ्यांची श्रद्धा. रोज पूजा झाली की सासूबाई तिला कणकेचा गोळा टाकायच्या. हा मासा आपल्यासारखाच शाकाहारी आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

भादव्यात झड लागली की वाम पायऱ्या चढून वर यायची आणि चिखलातून ओढ्याकडे सरपटत निघायची. सासूबाई ओलं पोतं घेऊन धावायच्या, तिला अलगद गुंडाळायच्या आणि "कुठं मरायला निघालीस, बाई?" म्हणत परत बारवेत सोडायच्या. दर वर्षी हेच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आपण तिचा जीव वाचवतो, हे त्या मला उठता-बसता ऐकवत.

नामांतराच्या आंदोलनात एकदा परभणीची कॉलेजं बंद पडली, तेव्हा सूर्यभान सर सायकलीवर आमच्याकडे आले. हे पूर्णा नदीवर मासे धरणाऱ्या भोयाचे चिरंजीव. प्राणिशास्त्र शिकवायचे आणि आपल्या नद्यांतले कोणते मासे संपत चाललेत, याचा शोध घेत गावोगाव हिंडायचे. वामीचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"धरनार न्हाईस नं?" सासूबाईंनी आधी दरडावलं.

"न्हाई आई. नुसतं बघतो."

सर पायरीवर पालथे पडून किती तरी वेळ बघत राहिले. उठले तेव्हा डोळे भरलेले. "येवढं अंग कणकेवर होत न्हाई, आई, बेडकावर होतं," म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"आन ही हितली न्हाई. ही समुद्रात जन्मली."

सासूबाई हसल्या. समुद्र त्यांनी काय, मीही पाहिला नव्हता. पण सर सांगत गेले आणि त्यांचं हसू थांबलं. अंडं कुठंतरी खोल समुद्रात फुटतं. नेमकं कुठं, ते जगात कुणी पाहिलेलं नाही. तिथून काचेसारखं आरपार दिसणारं पिल्लू गोदावरीच्या तोंडाशी येतं आणि उलट्या पाण्यानं चढायला लागतं. गोदावरी, मग पूर्णा, मग दुधना, मग उन्हाळ्यात शेळीसुद्धा पाय न भिजवता ओलांडते तो आमचा ओढा, आणि शेवटी ही बारव. इथं वर्षानुवर्षं राहायचं. अंगात अंडी धरायची वेळ आली की पुन्हा समुद्राकडे निघायचं, जन्मात एकदाच.

ज्या पाण्यात मी रोज घागर बुडवत होते, त्यात समुद्र बघून आलेलं कुणीतरी राहत होतं!

"आता बारकी पिल्लं येत न्हाईत," सर म्हणाले. "खाली आंध्रात धरण झालं. तवापासून वर मला एक बी घावलं न्हाई. पुरात दरवाजे उघडले तर मोठी वाम खाली जाईल. वर येनं मात्र बंद."

"आन झडीत ही वर येती, ती?"

"समुद्राकडंच निघती, आई."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मी त्यांना कधी उपाशी पाहिलं नव्हतं. सोमवारसुद्धा त्या पोटभरच धरायच्या.

भादवा आला, झड लागली. सकाळी बघतो तर वाम वरच्या पायरीवर. सासूबाईंनी सवयीनं तिला पोत्यात उचललं आणि उभ्याच राहिल्या. एका बाजूला बारव, दुसऱ्या बाजूला फुगलेला ओढा.

"आई, बारवंत सोड," आमचे मालक लिंगराज म्हणाले. "पानी जाईल. ऊस उभा हाय."

"जाऊ दे पानी! माहेराला निघालेल्या बाईला मी दर साली दारातून माघारी वडलं, लिंगू. आन वर तिचा जीव वाचवते म्हनून सांगत हिंडले."

चिखलात गुडघे टेकून त्यांनी ओढ्याकाठी पोतं उलगडलं. वामीचं पोट चांदीसारखं झालं होतं, डोळे मोठे झाले होते. ती क्षणभर तशीच पडून राहिली, मग पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले. मालकांनीही, उसाकडे बघत.

पुढं सर आले की त्या विचारायच्या, "पोचली असंल का रे?"

"ते जगात कुनालाच ठाऊक न्हाई, आई."

हे उत्तर त्यांना फार आवडायचं. म्हणून तर पुन्हा पुन्हा विचारायच्या. आणि दर झडीत घोंगडं पांघरून ओढ्यातले दगड उलथायच्या, एखादं बोटाएवढं पिल्लू चढून आलंय का ते बघायला. हातपाय चालत होते तोवर बघत राहिल्या.

बारवेचं पाणी काही आटलं नाही. आजही आहे. त्यात वाम नाही.