गौरीची अर्धी मात्रा

चनमल्लप्पांवर मी जितकी चिडले, तितकी आजवर जनावराच्या कुठल्याही मालकावर चिडले नाही. त्यात माणूस देवासारखा, म्हणून तोंड भरून शिव्याही देता येत नाहीत.

आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत त्यांच्या घरामागे पत्र्याखाली दोन पांढऱ्या घोड्या होत्या, गौरी आणि गंगा. नवरदेवाला वरातीत मिरवायचं, हा धंदा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सगळा जीव या दोघींत. वरातीत नवरदेवाच्या बहिणीने एकीला हरभऱ्याची डाळ चारली, की घरी दुसरीलाही डाळ मिळायची. एकीला नवी झूल आली, की दुसरीलाही. अख्ख्या पेठेला त्याचं कौतुक, मलाही होतं. आता त्या कौतुकाचाच संताप येतो.

गेल्या लग्नसराईत गौरीला ताप यायला लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पायांवर सूज, पोटाखाली सूज, खाऊनपिऊन अंग झडत चाललेलं. मी रक्त तपासलं तर त्यात परजीवी वळवळत होते. सर्रा रोग. गोमाशी आजारी जनावराला चावते, मग शेजारच्याला चावते आणि रोग पोचवते. गंगेचं रक्त मात्र स्वच्छ निघालं.

मी चनमल्लप्पांना समोर बसवून सांगितलं. मात्रा गौरीच्या वजनावर काढलीय, सगळी तिलाच द्यायची. कमी पडली तर किडे मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. गंगेला दुसरीकडे बांधा. त्यांनी मान डोलावली. औषध दुकानात संध्याकाळी आलं, तेव्हा मी दुधनीला अडलेल्या म्हशीपाशी होते. सुई टोचायला आमच्या दवाखान्यातला कुमार गेला.

ताप उतरला. गौरी तरतरीत दिसायला लागली आणि या गृहस्थांनी मला न विचारता दोघींना टेंभुर्णीच्या वरातीला नेलं. डीजेच्या भिंतीपुढे, भर उन्हात. तिथून परतल्यावर गौरी मागच्या पायांवर डुलायला लागली. रक्तात पुन्हा तेच किडे. तेच औषध मी स्वतः पुरं दिलं, तरी ते हटेनात. माझं डोकं चालेना. शेवटी कुमारला दटावलं, तेव्हा तो रडकुंडीला येऊन बोलला. मी तशीच पेठेत गेले आणि चनमल्लप्पांना सरळ विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "अर्धं गंगेला दिलं की. दोगी भैनीसारख्या वाडल्या. एकीला औषद आन् दुसरीला न्हाय, आसं मला कसं जमंल?"

मी ओरडले. गल्लीतली माणसं दारात आली, तरी ओरडत राहिले. निरोगी घोडीच्या अंगात अर्धं औषध ओतलं आणि आजारी घोडीला अर्ध्यावर ठेवलं, याला माया म्हणायचं? वाटून खायला तो काय प्रसाद होता? कुमारलाही सोडलं नाही. म्हाताऱ्याने हात धरला म्हणून सुई अर्ध्यावर थांबवतो म्हणजे काय? चनमल्लप्पा गौरीच्या मानेवर हात फिरवत ऐकत होते. गंगा तिला खेटूनच बांधलेली होती. तिला दुसरीकडे नेलं की दोघी खिंकाळतात, म्हणून हलवलीच नव्हती.

पुण्याहून दुसरं औषध मागवलं. ते येईपर्यंत गौरी आडवी झाली होती. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, काही उपयोग झाला नाही. पहाटे ती गेली.

महिनाभरात गंगेला ताप आला. रक्तात किडे दिसले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, नुसता राग आला. या वेळी सुई मी कुणाच्या हाती दिली नाही. पत्र्याखाली उभी राहून पुण्याचं औषध भरू लागले आणि करड्या आवाजात म्हणाले, की सगळं हिलाच जाणार, मधे बोलायचं नाही.

चनमल्लप्पांनी गंगेचं तोंड धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भरा की पुरं. आता वाटायला कोन हाय?"