बोरीच्या डाळीला वकील हवा

बोरी अरबहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा ताईच्या मांडीवर कराराचे कागद होते. माझी ही थोरली बहीण गावात तूरडाळीची छोटी गिरणी चालवते आणि पिशवीवर ‘बोरीची डाळ’ असं छापून विकते. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला ती डाळ भरपूर हवी होती. दोन दिवसांत सही करून पाठवा, असा निरोप होता. मी पुण्यातला वकील सुचवला, पण ताईला समोर बसून बोलणारा माणूस हवा होता. बाहेर तूर पिवळी फुलली होती, कापूस वेचणीला आला होता, आणि मी फुरंगटून बसलो होतो.

यवतमाळला उतरून तर्री-पोहे (वर झणझणीत हरभऱ्याचा रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. पुण्यात राहून जीभ मवाळ झालेली. असा ठसका लागला की ताईने भररस्त्यात पाठ थोपटली.

कोर्टाजवळ मी सगळ्यात मोठी पाटी गाठली. त्या वकिलांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं आणि सही करून टाका म्हणाले. गाठोड्याच्या वरचाच कापूस पाहून कोणी भाव करत नाही, असं पुटपुटत ताईने कागद उचलले. तिने थेट चहावाल्याला विचारलं, “कोनत्या वकिलापाशी मानसं लय वेळ बसते, भाऊ?”

त्याने मेश्राम वकीलबाईंची खोली दाखवली. बाईंनी ओळीओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि कागद ताईकडे फिरवले. पक्षकाराने कागदाचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय त्या काम घेत नाहीत. मी लगेच समजावून सांगायला सरसावलो.

“भाऊ, सही तुमची हाय काय?”

“नाही.”

“मंग तुमी चहा घ्या.”

ताई अडखळत वाचत होती. चौथ्या पानावर थांबली. तेच कलम पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“म्हंजे सही केली का नाव त्याईचं? मले माह्याच गावचं नाव लिहून डाळ विकता येनार नाही?”

“बरोबर समजल्या.”

ताईने तिथंच त्यांना काम दिलं. बाईंनी ते कलम बदलून कागद व्यापाऱ्याला पाठवला: नाव ताईचं, व्यापाऱ्याला फक्त विकण्याची परवानगी.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. बाकी सगळे याच कागदावर सही करतात, म्हणाला. तिच्या जागी मी असतो तर नमतं घेतलं असतं. ताई शांतपणे म्हणाली, “नाव सोडून बाकी बोला, जी.” संध्याकाळपर्यंत तो कबूल झाला. सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान वाटला की गिरणीवर येईल त्याला मीच ती हकिगत सांगत सुटलो.

पुण्यात परतल्यावर मी माझ्या नोकरीचा करार कपाटातून काढला. सही करून नऊ वर्षं झाली होती. वाचायला आता बसलो. तिसऱ्या पानावर आलो आणि ताईला फोन लावला. म्हटलं, तुझ्या वकीलबाईंचा नंबर दे.