रोमच्या बाईचा हार आणि माझी टाळी

बिरवाडीच्या हॉलात मण्यांचे दागिने शिकवणार, असं बायकोला कळलं. बोलली, "अवो, मला नेऊन सोडा." रिक्षा आपलीच, सोडायला काय? पण तिला बारीक दिसत नाय, सुईत दोरा ओवायला माणूस पायजे. म्हणून हॉलभर बायका आन मधी मी एकटा मिशीवाला.

त्याच संध्याकाळी पोलादपूरला तिच्या भाच्याचा साखरपुडा होता. तिच्या भावजयीनं फोनवर टोमणा मारलेला, "वन्स, यंदा तरी गळ्यात काय घालून या हो, फोटो निघतात." बायकोनं फोन ठेवला. पण मला ठाव, हार घातल्याबिगर ती जाणार नव्हती.

शिकवणारी बाई महाडची. तिनं भिंतीवर चित्र लावलं. दोन हजार वर्षांमागची रोमची बाई, मोठ्या घरची, गळ्यात मोत्यांचा हार, मधी हिरवा खडा. तसाच हार करायचा. मी विचारलं, "हिचा नवरा काय करायचा?"

"कोणाला माहीत? हार राहिला, काका. नवऱ्याचं काय कळत नाही."

बायका अशा खिदळल्या, की मी सुई बोटातच ओवली.

दुपारपर्यंत बायकोचा हार झाला. फक्त गाठ मारायची राहिलेली. एक टोक माझ्याकडं दिलं, "धरून ठेवा, सोडू नका." तेवढ्यात बाई आली, हार बघून बोलली, "सगळ्यांत सुंदर हा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पण वाजवल्या.

मोती असे पळाले, जसे शाळेतून मी पळायचो. बायका गुडघ्यावर रांगत गोळा करायला लागल्या. मोती सगळे मिळाले. हिरवा मणी दारातून टुणटुण करत गटारात गेला. दुसरा हिरवा बाईकडं नव्हता. बायको रिकामा दोरा बोटाला गुंडाळत बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी बाहेर येऊन रिक्षात बसलो. समोर आरशाला हिरवा मणी टांगलेला. आमच्या बैलाच्या गळ्यातला. बैल विकला तेव्हा मणी तेवढा ठेवलेला. दोरीतनं काढला, नळाखाली घासला, नेऊन दिला. बाई बोलली, "अरे वा, हा तर आणखी छान!" बायकोनं माझ्याकडं बघितलं, मणी ओवला, आन गाठ स्वतः मारली. दोनदा.

साखरपुड्यात भावजय धावतच आली. "अगो बाई, वन्स! कुठनं घेतलात?"

बायकोनं मान वर केली. "रोमच्या बाईचा हाय तसा. मी केला."

"आन हा हिरवा खडा?"

मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. "घरातला जुना हाय," ती बोलली. खोटं काय त्यात?

भावजयीनं तिला धरून फोटोत अगदी मधी उभी केली. फोटोवाला मला बोलला, "काका, जरा सरका, हार झाकतोय." सरकलो. रोमच्या नवऱ्याचं पण असंच झालं असणार.

पोरानं पोरीच्या बोटात अंगठी घातली. मांडवभर टाळ्या. मी हात खिशात घालून उभा.

बायको हसली, बोलली, "वाजवा आता. गाठ मारलीय."