दोन बोटांचं अंतर

ईस्टरला आठ दिवस होते. बाप्तिस्म्याची तालीम चालू होती. पत्र्याच्या प्रार्थनाघरात आम्ही चार पुरुष वेदीसमोर ओळीने गुडघे टेकून बसलो होतो. पाणी डोक्यावर पडताना धर्मपित्याने उजव्या खांद्यावर हात ठेवायचा असतो. चौघांचा धर्मपिता एकच. आम्हाला धर्म शिकवणारे मास्तर.

पहिल्याच्या खांद्यावर हात पडला. दुसऱ्याच्या पडला. तिसऱ्याचा सदरा हाताखाली दबलेला मी पाहिला. चौथा मी. हात आला आणि वरच थांबला. दोन बोटं अंतर राखून.

मी वाट पाहिली. टेकला नाही.

मी जिनिंगात काट्यावर होतो. कापूस तोलताना पारड्याला कुणाचा हात लागतो का, हे पाहण्यात माझी अठरा वर्षं गेली होती. या बाबतीत माझी नजर चुकत नाही.

ते तिघे वरच्या जातींचे. मी महार. मास्तरांचे आजोबा पाटलाच्या घरातून ख्रिस्ती झालेले. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली होती. कायद्यातून विटाळ गेला होता. मास्तरांच्या हातातून गेला नव्हता.

बायको तालीम पाहायला मागे बसली होती. पुलगावच्या वाटेने घरी येताना ती म्हणाली, "अवो, तुमच्या खांद्यावर हात टेकलाच नाई. मी पाह्यलं."

"टेकला," मी म्हणालो.

"माह्यासंग खोटं काऊन बोलून राह्यले?"

मी पाय उचलला. घाबरलो होतो. चौदा महिने मी त्या वर्गाला गेलो. पुस्तकातले दोनशे बारा प्रश्न उत्तरांसकट पाठ केले. तेवढ्या काळात ख्रिस्ती होतो म्हणून जातीच्या पंचांनी आम्हाला वाळीत टाकलं. सख्ख्या भावाने लेकीच्या लग्नाचं सांगणं धाडलं नाही. मागची वाट बंद झाली होती. पुढच्या दाराची कडी मास्तरांकडे होती. फादरकडे नावं तेच देत. माझं नाव गळलं तर बायको आणि तीन लेकरं घेऊन मी कुठे जाणार होतो?

दुसरी भीती वेगळी होती. हात न टेकता झालेला बाप्तिस्मा देवाकडे धरला जातो का? हा प्रश्न त्या दोनशे बारांत नव्हता. मला झोप लागेना.

बुधवारी फादर आले, ईस्टरपर्यंत मुक्कामाला. परदेशी माणूस, आमची भाषा अडखळत बोलणारा. मी त्यांना तो प्रश्न विचारला.

"पाणी पडला, तर बाप्तिस्मा झाला," ते म्हणाले. "पण हात ठेवावा लागतो. कोण नाही ठेवत?"

मास्तर दारातच उभे होते.

"कोणी नाई, फादर. असंच विचारलं."

चार दिवसांत दोनदा खोटं बोललो. खोटं बोलणं पाप, हे त्याच वर्गात शिकलो होतो. आणि बोललो कुणासाठी? ज्याला माझा विटाळ होतो त्याची लाज झाकण्यासाठी. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

शुक्रवारी शेवटची तालीम. हात पुन्हा वर थांबला. या वेळी बोललो.

"मास्तर, हात टेकवा."

"टेकलाच हाय."

"नाई. दोन बोटं वर हाय."

मास्तर बाकीच्यांकडे पाहून हसले. "पाहा! जिनातला काटेवाला इथंही माप काढून राह्यला. अरे, देवाच्या घरी माप काढू नाई."

तिघे हसले.

"मंग तुमी काऊन काढलं?" मी म्हणालो.

हसणं थांबलं. मास्तर खाली वाकले. आवाज बारीक केला. "हे पाह्य, मले लेकी उजवायच्या हायत. सोयरे काय म्हणतीन? पाणी पडते ना तुह्या डोक्यावर? मंग हाताचं काय घेऊन बसला? गुमान बस. नाई तं नाव कटन."

मी उठलो. गुडघ्यांची माती झटकली.

"कटू द्या."

बाहेर येऊन फादरना सगळं सांगितलं. दोनदा खोटं बोललो, तेही सांगितलं. ते म्हणाले, धर्मपिता व्हायला दुसरा माणूस नाही, पुढच्या वर्षी पाहू. शनिवारी तिघांचा बाप्तिस्मा झाला. माझा झाला नाही. पुढच्या वर्षीही धर्मपिता मास्तरच होते. तेव्हाही झाला नाही.

मी दर रविवारी जातो. पुढच्या ओळीत बसतो. दोनशे बारा उत्तरं अजून येतात आणि त्या देवावर माझा विश्वास आहे. भीती गेली, असं म्हणणार नाही. बाप्तिस्म्याशिवाय मेलो तर देव काय करील, या भीतीने अंगाला घाम सुटतो. ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत मला जागा नाही. जातीच्या मसणात पंच येऊ देणार नाहीत.

म्हणून जागा मी पाहून ठेवली आहे. नाल्याच्या वर, पडीक जमिनीत. बायकोला नेऊन दाखवली. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत तर बैलबंडीत घालून ने, असं तिला सांगितलं. मास्तर आले तर परत धाड. जित्या खांद्याला ज्याने हात लावला नाही, त्याला माझ्या मढ्याला हात लावू द्यायचा नाही.