झाकीरची अट

झाकीर दिवसातून कितीदा तरी चहा मागवायचा आणि एकदाही प्यायचा नाही. ग्लास समोर आला की आमचा तापमापक तो वाफाळत्या चहात बुडवायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसायचा. आकडा चढत जायचा. मग भिंतीवरचा भोंगा असा ओरडायचा की खालच्या पानठेल्यावरची माणसं वर बघून शिव्या घालायची. चहावाला गणेश मला म्हणायचा, "सर, तुमचा मानूस कसा हाये? सोता पेत नाही, मशीनले पाजते." झाकीर हसायचा नाही. भोंगा वाजला की त्याचे वर चढलेले खांदे खाली यायचे, तेवढंच.

यवतमाळला बसस्टँडमागे आमचं छोटं ऑफिस होतं. ओला कापूस गंजीत दाबला गेला की आतून तापतो, आणि बाहेर धूर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी आम्ही गंजीत खुपसायचे तापमापक बनवायचो. ते आणि भोंग्याच्या पेट्या मी जोडायचो. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस, मला तेवढंच येत होतं. पडद्यावर तापमान दाखवणारा आणि हद्द ओलांडली की भोंगा वाजवणारा प्रोग्राम झाकीरचा. तो माझाच विद्यार्थी, दारव्ह्याचा, मोटार मेकॅनिकच्या घरातला. पुण्याची नोकरी सोडून अम्मीसाठी परत आलेला, पस्तिशीतला गृहस्थ.

त्याच्या भित्रेपणाची मी चेष्टा करायचो. त्याचा प्रोग्राम पायथन नावाच्या कॉम्प्युटर-भाषेत होता. या भाषेची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. काही नवं येतं, काही जुनं काढून टाकलं जातं. त्यामुळे प्रोग्रामचं पॅकेज बांधताना त्यात एक अट लिहायची असते, की भाषेच्या अमुक आवृत्तीपासून अमुक आवृत्तीपर्यंत हे चालेल. पुष्कळ जण खालची हद्द लिहितात आणि वरची मोकळी सोडतात. झाकीर दोन्ही लिहायचा. चहा पाजून भोंगा वाजवल्याशिवाय वरची हद्द तो एका आवृत्तीनेही पुढे सरकवत नसे. "जे मी चालवून पाह्यलं नाही, त्याची जबान कशी देऊ सर?" असं त्याचं म्हणणं. आणि दुसरं वाक्य, जे आता मला झोपू देत नाही: "प्रोग्राम बंद पडला त मले काही वाटत नाही सर. बंद पडून चालू दिसते न, त्याचं भेव हाये."

मागच्या हंगामात बाभुळगावच्या एका जिनिंगने नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर भाषेची सगळ्यात ताजी आवृत्ती होती आणि झाकीरचं पॅकेज त्यावर बसायलाच तयार होईना. या आवृत्तीसाठी परवानगी नाही, असा संदेश पडद्यावर यायचा. मालक मनोहरभाऊ माझ्या मागे उभे होते. "तुमचा झाकीर म्हंजे लग्नात नवरदेवाले बी आधार कार्ड मागन सर! माल ओला हाये, गंजी उभी हाये, अन् हे म्हनते परवानगी नाही."

मी झाकीरला फोन लावला. तो अम्मीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता.

"सर, अम्मीले आत नेऊन राह्यले. परवा येतो. तवर चौकीदाराले गंजीपाशी बसवा."

"मालक ऐकत नाहीत रे."

"अट काढू नका सर. त्या आवृत्तीवर मी भोंगा वाजवून पाह्यला नाही."

"नाही काढत," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि वरची हद्द पुसून टाकली. एक ओळ. पॅकेज निमूट बसलं. पडद्यावर गंजीचं तापमान दिसू लागलं, सगळं हिरवं. भोंगा वाजवून पाहावा असं मनात आलं होतं, पण अंगणात बाया कापूस पसरत होत्या. मनोहरभाऊ म्हणाले, "भोंगा नका वाजवू सर. बाया काम सोडून पयतीन, मंग गोया करता करता माह्या नाकी नऊ." मला ते पटलं. खरं तर सोयीचं वाटलं.

झाकीर परतल्यावर त्याने पहिला प्रश्न बाभुळगावचा विचारला. "भाषेची जुनी आवृत्ती बसवून दिली," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तो त्याच पावली, मिळेल त्या जीपने, तापमापक आणि चहाचा ग्लास घेऊन तिथे गेला असता. आपल्याच विद्यार्थ्यापुढे मला कमी पडायचं नव्हतं.

आग एका दुपारी लागली. पडद्यासमोर बसणारा मुनीम जेवायला गेला होता. रिकाम्या खोलीत पडदा लाल झाला असेल, पण भोंगा वाजला नाही. बाया गंजीच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. त्यांच्यातली रामकलाबाई धुराकडे पाठ करून बसली होती. शेजारणीच्या लुगड्याने पेट घेतला तेव्हा तिने ते नुसत्या हातांनी विझवलं. शेजारीण वाचली. रामकलाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मी आणि झाकीर पोचलो तेव्हा पाण्याचे टँकर उभे होते आणि फाटकात गर्दी होती. झाकीर सरळ कॉम्प्युटरपाशी गेला. थोड्याच वेळात त्याला कळलं. भोंग्याच्या पेटीशी बोलण्यासाठी तो भाषेतला एक तयार तुकडा वापरायचा. नव्या आवृत्तीतून तो तुकडा काढून टाकलेला होता. भोंगा वाजवायची वेळ येईपर्यंत त्या तुकड्याची गरज पडत नव्हती, म्हणून तोवर सगळं ठीक दिसत होतं. वेळ आली, तुकडा सापडला नाही, आणि प्रोग्राम शांतपणे तापमान मोजत राहिला.

मनोहरभाऊ ओरडत होते, "बसवला सरांनी, पन केला कोनं? यानं न!"

झाकीर माझ्याकडे वळला. मालक, मुनीम, दारातली माणसं, सगळे ऐकत होते. "सर," तो म्हणाला, "वरची अट कोनं काढली?"

"पाहावं लागेल," मी म्हणालो.

तेवढ्यात दारातल्या कोणीतरी विचारलं, "याचं नाव काय म्हने?" कोणीतरी सांगितलं. मग बाहेरचा एक जण म्हणाला, "मुद्दाम बंद केला असंन." ते वाक्य फाटकापर्यंत जाताना मी पाहिलं, माना वळत गेल्या. झाकीर अजून माझ्याकडेच बघत होता. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मला त्या गर्दीची भीती वाटली, आणि ती माझ्या अंगावर येत नाहीये याचं हायसंही वाटलं. पोलीस आले आणि त्याला गाडीत बसवून घेऊन गेले. तो वाचावा म्हणूनही असेल.

त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही. त्याला सोडलं. पण पुढच्या आठवड्यात इतर जिनिंगवाल्यांनीही आमच्या पेट्या काढून ठेवल्या, आणि त्यातला एक मला म्हणाला, "सर, तुम्ही या, पन त्याले आनू नका." झाकीर ऑफिसात परत आला नाही. दारव्ह्याला त्याच्या घरासमोर अनोळखी मोटारसायकली थांबतात, असं गणेशने सांगितलं. मी ऑफिस बंद केलं आणि तब्येतीचं कारण सांगितलं.

आता ऐका, कारण हे मी सगळीकडे सांगत फिरतो आहे. अट मी काढली. झाकीरने बजावलं होतं, तरी काढली. या महिन्यात ते मी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं. मनोहरभाऊंना सांगितलं, ते म्हणाले, "जाऊ द्या न सर, कायले उकरता आता?" रामकलाबाईच्या घरी गेलो. तिची बोटं अजून मिटत नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तवाच काहून नाही बोलले? म्या त्या मानसाले घरात बसून शिव्या देल्या."

शेवटी दारव्ह्याला गेलो. दार अम्मीने अर्धंच उघडलं. झाकीर मागे उभा होता. दाढी वाढलेली, अंगाने निम्मा झालेला. मी जे बोलायचं ते उंबऱ्यातच बोललो. कोणाकोणाला सांगितलं तेही सांगितलं. तो रागावेल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो माझ्या खांद्यावरून गल्लीत बघत होता.

"सर, तुमच्यासंगं कोन आलं?"

"कोणी नाही रे. मी एकटाच."

त्याने पुन्हा गल्लीत पाहिलं, दोन्ही टोकांना.

"मंग जा सर," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् पुन्हा येऊ नका. तुम्ही आले की लोक बाहेर निघून पाह्यतेत."

अम्मीने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी जड दाराशी सरकवल्याचा.