आमच्या ह्यांची जीभ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणे आले की पहिला फोन आमच्याकडे येतो. पाहुणे त्यांचे, भूक त्यांची, पण कुठे खायचं आणि संध्याकाळी कुठे हिंडायचं ते ठरवायचं आमच्या ह्यांनी. ह्यांचं नाव त्र्यंबक. सगळा जन्म ठाण्याच्या सरकारी कचेरीत गेला, पण इथे डोंबिवलीत ते कुणाच्या गावीही नाही. खाण्यातले काका म्हटलं की सगळे आमच्या दाराकडे बोट दाखवतात.

फोन आला की हे गॅलरीत फेऱ्या मारत सांगत सुटतात. सकाळी फडके रोडला जा, गणपतीचं दर्शन घ्या. साबुदाणा वडा खायचाच असेल तर दहाच्या आत खा, नंतर तेल जुनं होतं. उन्हं उतरली की कल्याणला दुर्गाडीवर चढा, खाडीवरचा वारा घ्या, खाली येऊन भेळ. ठाण्याला गेलात तर आधी कोपिनेश्वर, मग तलावपाळीला होडी, आणि मिसळ खायची ती सहदेवचीच. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून माझे कान किटले.

असली जीभ घरात नांदवणं म्हणजे काय, ते मला विचारा. पहिला घास घेतला की डोळे मिटायचे आणि मग निकाल लागायचा. आमटीवर तर ठरलेलं वाक्य, “चिंच जरा जास्त झाली.” चिंच कमी घातली तरी तेच. एकदा चिडून मी चिंच घातलीच नाही, आमसुलं टाकली. तर म्हणाले, आमसूल चांगलं आहे, पण गेल्या वर्षीचं दिसतंय. आणि ते गेल्या वर्षीचंच होतं! माझी मात्र भांडी आपटण्यात हयात गेली. आता आपटायचंही त्राण उरलेलं नाही. गुडघे गेलेत, ओट्याशी पोळ्या लाटून होईपर्यंत कंबर भरून येते.

मग करोना आला. आम्ही दोघंही आडवे झालो, हे जरा जास्तच. बरे होऊन पहिल्यांदा पाटावर बसले, आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, “छान झालीये.” मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी भाजी छान. मग पोळी छान, उपमा छान, उरल्या भाताचा फोडणीचा भातसुद्धा छान. मला वाटलं, मरणाच्या दारातून परत आला माणूस, आला शहाणपणा. खरं सांगते, मी सुखावले. कितीही दमलेली असले तरी त्यानंतर आमटीला ताजं खोबरं वाटून लावायला लागले.

आणखी एक नवीन खूळ म्हणजे कुठेही खायला जायचं तर मी बरोबर हवीच. आधी एकटे हिंडायचे, आता मला घेतल्याशिवाय पाऊल उचलेनात. समोर बसवायचे आणि आधी मला खायला लावायचे. आता ह्या वयात प्रेमाला भरतं आलं, असं म्हणून मी आपली पाय ओढत जायची.

गेल्या महिन्यात बंगळूरहून माझ्या नणंदेचा मुलगा शौनक आणि त्याची बायको वल्लरी दोन दिवस राहायला आली. शौनकने आल्या आल्याच फर्मान काढलं की मामाने वल्लरीला ठाणं दाखवायचं, मामाच्या पद्धतीने. मला जायचं नव्हतं. पण हे ऐकतात थोडंच.

सहदेवच्या दुकानात ही गर्दी. सहदेव स्वतः वर्षभरापूर्वी कोकणात गावी निघून गेला, हे तिथे गेल्यावर कळलं. पाटी तीच, भट्टीपाशी माणसं नवी. पोरं समोरच्या बाकावर बसली आणि जागा नव्हती म्हणून मी ह्यांच्या शेजारी टेकले. मिसळ आली. मी घास घेतला मात्र, तोंडच फिरलं. तेल खवट, फरसाण कुबट, रस्सा आंबायला लागलेला. वल्लरीने चमचा हळूच ताटलीत ठेवला. शौनकने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

आणि हे पाव बुडवून बुडवून खात होते. कपाळावर घाम, डोळे मिटलेले.

“हीच ती चव,” म्हणाले. “बघ शौनक, इतक्या वर्षांत जराही बदलली नाही.”

शौनक गुणी पोर. हो मामा, मस्त आहे म्हणाला. तिखट सोसत नाही असं सांगून वल्लरीने ताटली सरकवली. दहानंतरचं तेल लांबून ओळखणारा माणूस हा! मी मान खाली घालून समोरची ताटली संपवली.

नंतर हे पोरांना घेऊन होडीत बसले. मी तलावाकाठच्या बाकावर बसून राहिले. एकेक छान आठवत होतं. आमटी, उपमा, खोबरं वाटून लावलेलं, न लावलेलं. त्यातलं एकही माझं नव्हतं. डोळे भरून आले आणि रागही आला, इतका की हे होडीतून हात करत होते तर मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं गेली. दुपारी मी आमटी केली. म्हणजे डाळ शिजवली आणि पाणी घातलं, बस. मीठ नाही, चिंच नाही, गूळ नाही, मसाला नाही. वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि मान खाली घालून बसले.

भुरक्याचा आवाज आला.

“छान झालीये.”

मी वर पाहिलं नाही. मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“काय घालायचं राहिलं?” त्यांनी विचारलं.

“सगळंच.”

ते वाटीतल्या पिवळ्या पाण्याकडे बघत राहिले. “तिखट तेवढं झोंबतं,” म्हणाले. “बाकी सगळं सारखंच लागतं. तुझ्या तोंडाकडे बघून जेवतो मी. तू घास घेतलास की मला कळतं.”

मग मात्र माझा तोल गेला. इतके दिवस मला सांगितलं नाहीत, मला काय मूर्ख समजलात, काय काय बोलले मी. त्यांनी ऐकून घेतलं.

“तू आधीच दमलेली असतेस,” ते म्हणाले. “ह्याला कळतच नाही म्हटल्यावर कशाला राबायचं, असं वाटलं असतं तुला.”

वाटलंच असतं. काय खोटं बोलू?

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, कालची मिसळ कशी होती. मी सांगितलं, नासलेली होती. पोरांनी खाल्ली का, विचारलं. नाही म्हटलं. चष्मा काढून पंच्याने पुसत बसले. तेवढ्यात फोन वाजला, बिल्डिंगमधल्याच कुणाचातरी. हे उठले नाहीत. वाजून वाजून बंद पडला.

मी त्यांच्या पुढची वाटी उचलली. कंबर धरून ओट्याशी गेले. चिंचेचा कोळ काढला, गूळ, मीठ, गोडा मसाला, वरून फोडणी. आमटीला चांगली उकळी आणली आणि दोघांना वाढून घेतली. ते वाटीला हात लावेनात, माझ्याकडे बघत बसले. मी घास घेतला आणि डोळे मिटले.

“कशी झालीये?”

लग्न झाल्यापासून हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

“चिंच जरा जास्त झाली,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आमटी भातावर ओतून घेतली आणि जेवायला लागले.