मालिकेतल्या सुनेसाठी गाऱ्हाणं

मालिका कशाने चांगली होते नि कशाने बिघडते, हे मला कुणी विचारलं तर मी माझ्या काकीचं सांगते. मी स्वतः टीव्हीशी भांडणारी बाई. एकाच चेहऱ्यावर तीनतीनदा ढोल वाजले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. काकी मात्र शांतपणे बघायची.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मालवणात कॉलेजला जायला सोयीचं म्हणून मी आचऱ्याला काका-काकीकडे राहत होते. काकांची होडी होती, काकी बाजारात मासे विकायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग घरात त्या विषयावर कुणी बोलेनासं झालं. संध्याकाळी आंघोळ करून, दिवा लावून काकी टीव्हीपुढे खोबरं खवायला बसायची. बाजारात कुणाचं न ऐकणारी ही बाई मालिका लागली की गप्प.

त्या मालिकेतल्या सुनेलाही मूल नव्हतं. खरं सांगते, सुरुवातीला मालिका झकास होती. एका भागात तर काही म्हणजे काहीच घडलं नाही. सून बारशाला जाते, बाळ मांडीवर घेते, आणि पाळण्यात घालायची वेळ झाली तशी, कुणी काही बोलायच्या आधीच, स्वतः उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला बसते. बस्स, एवढंच! काकीचा हात विळीवर थांबला.

"तसाच करूचा लागता," ती म्हणाली.

मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. तो प्रसंग ज्याने कुणी लिहिला, त्याने बारशाच्या घरातली ती मागच्या दारची बाई नक्की कुठेतरी पाहिली असणार.

पुढच्याच आठवड्यात काकी नारळ घेऊन देवीच्या देवळात निघाली, मलाही ओढून नेलं. आमच्याकडे मनातल्या मनात मागून भागत नाही. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गुरव आपली मागणी देवापुढे खणखणीत आवाजात मांडणार आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणार.

"कोणाच्या नावान घालूचा, वयनी?" गुरवाने विचारलं.

"वळखीतला एक चेडू आसा," काकी म्हणाली. "त्येची कूस उजवांदे."

हे चेडू, म्हणजे ही मुलगी, कुठली ते मला लगेच कळलं नि हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. गुरवाने मात्र अगदी मन लावून मांडलं. आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि घरी आलो.

आणि काय सांगू, पावसाळा संपेपर्यंत सुनेला दिवस गेले! काकीने बांगडे विकता विकता अख्ख्या बाजाराला ही बातमी दिली. साडी, खण, नारळ घेऊन देवीची ओटी भरून आली. तिला इतकं खुशीत मी आजवर पाहिलं नव्हतं.

पण एव्हाना मालिका फार चालायला लागली होती आणि तिथेच घात झाला. पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओततात, तसं सुरू झालं. रोज नवं कारस्थान, रोज कुणीतरी दाराआड उभं. एका संध्याकाळी सुनेने खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटावर बांधलेली उशी सोडून पलंगावर ठेवली. जावेची जिरवायला घेतलेलं सोंग, म्हणे! ढोल वाजले, तीनदा. मला असा संताप आला की मी उठून टीव्हीच बंद केला.

"मेल्यांका लाज नाय!" मी ओरडले. "आता जा नि देवीक सांग, आमची साडी परत दी!"

काकी हसली. "टीव्हीतली ती खोटी, ह्या देवीक काय म्हायत नाय?"

"मगे गाऱ्हाणा कित्या घातलंस?"

तिने विळी आडवी केली, पदराला हात पुसले.

"माझ्या नावान घालूक आता लाज वाटता गो," ती म्हणाली. "सगळी आयकतत."